कॉर्क व्हील नवीन असलं की पार्ट काळा, झिजलं की झकास : दर वेळचं हे दुखणं आणि त्यावरचा इलाज

आपल्या बेळगावकडच्या उद्यमबाग, मच्छे, काकती, होनगा, तिकडं निपाणी-संकेश्वरपर्यंत छोट्या वर्कशॉपवाल्यांची एकच तक्रार परत परत कानावर येतीय, म्हणून म्हटलं एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकावं. पितळेचे नॉझल, स्टेनलेसच्या पिना, छोटे लिव्हर, नॉब असले बारके जॉब पॉलिश करायला कॉर्कचं व्हील आणलं, बेंच ग्राइंडरला चढवलं, पहिले थोडे पार्ट झकास निघाले आणि मग पार्टवर काळे-तपकिरी पट्टे यायला लागले, ते कापडानं पुसून जात नाहीत, रॉकेलनं पण अर्धेच जातात, पार्ट बोटात धरवत नाही इतका तापतोय, व्हीलची कड काचेसारखी चकाकायलीय आणि शेडभर जळका वास. मग पोरगं काय करतंय तर आणखी साबण, म्हणजे पॉलिशची वडी, लावतंय, आणि पार्ट आणखी काळा.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. खरं पुढची गंमत अशी की असंच रेटत नेलं, व्हील झिजून लहान झालं, की तेच व्हील एकदम मस्त चालायला लागतं. कुणी काही बदललेलं नसतं. मग ते संपतं, त्याच दुकानातून तसलंच नवीन आणायचं आणि परत पहिल्या दिवसापासून तेच रडगाणं. आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, दुकानदारानं माल बदलला, पहिल्यासारखा येत नाही आता.

माल तोच असतोय ओ. व्हीलचा व्यास बदलतोय, आणि व्यासाबरोबर कडेचा स्पीड. हिशोब करून बघा. आपल्याकडचे बहुतेक बेंच ग्राइंडर दोन पोलच्या मोटरचे, ५० सायकलवर फिरणार २८८० च्या आसपास आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे. त्यावर ६ इंची म्हणजे १५० मिलिमीटरचं व्हील लावलं तर कड सेकंदाला साधारण २२.६ मीटर पळते. तेच व्हील झिजून १०० ला आलं की १५ मीटर, ९० ला आलं की साडेतेरा. मोटर तीच, आरपीएम तेच, खरं पार्टला लागणारा स्पीड चाळीस टक्क्यांनी उतरला. कॉर्कला धातूच्या बारक्या जॉबवर माझ्या अंदाजानं १० ते १५ मीटर बास होतात. सुती बफला, म्हणजे कापडाच्या थरांच्या व्हीलला, २२ चालतात, ३० पण चालतात, म्हणून बफच्या जागी कॉर्क चढवला की माणूस त्याच स्पीडवर चालवतो आणि तिथंच सगळं फसतंय.

सूत्र पाठ करायची गरज नाही. व्यास मीटरमध्ये घ्यायचा, ३.१४ नं गुणायचं, आरपीएमनं गुणायचं, ६० नं भागायचं. भिंतीवर खडूनं लिहून ठेवा, काम झालं.

आधी खात्री करून घ्या, खर्च नंतर

मोटर बदला, पुली बदला म्हटलं की लोक दचकतात, बरोबर आहे, पैसे लागतात. म्हणून आधी फुकटची टेस्ट. ग्राइंडर चालू करून पूर्ण स्पीड घेऊ द्या, मग स्विच बंद करा. व्हील लगेच थांबत नाही, बराच वेळ आपोआप फिरत राहतं. त्या उतरत्या स्पीडमध्ये स्वच्छ पुसलेला पार्ट हलका टेकवा, दाबू नका. काळं यायचं बंद झालं आणि पार्टवर एकसारखी मऊ चमक दिसली तर रोग स्पीडचाच, पुढं शंका काढायची नाही. आणि उतरत्या स्पीडवर पण काळंच येत असेल तर दोन शक्यता, एकतर व्हील आधीच चकाकून बसलंय, त्याला ड्रेस करून, म्हणजे वरचा थर घासून काढून, मग परत टेस्ट करा, किंवा व्हील चुकीच्या कॉर्कचं आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय.

एक गोष्ट इथंच सांगतो कारण दर वेळी कुणीतरी म्हणतंच. "आमच्याकडं लाईट डाऊन असते, व्होल्टेज कमी-जास्त होतं, त्यामुळं फिनिश बिघडतंय." इंडक्शन मोटरचा स्पीड फ्रिक्वेन्सीवर ठरतो, व्होल्टेज थोडं उतरलं म्हणून हलक्या लोडवर स्पीड फारसा हलत नाही. मोटर तापेल, दाब दिला की दमेल, खरं काळे पट्टे लाईटनं येत नाहीत.

कॉर्कचंच असं का होतंय

कॉर्क म्हणजे एका जातीच्या ओक झाडाची साल. जगातला निम्म्याच्या आसपास कॉर्क एकट्या पोर्तुगालमधून येतो, झाड न तोडता दर नऊ वर्षांनी साल सोलून काढतात. बाटलीची बुचं पाडून जो चुरा उरतो त्याचे दाणे करून, चिकटवून दाबून आपली व्हील बनतात. सालीत बारीक बारीक बंद पेशी, आत हवा. रॉबर्ट हूकनं १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकातून ह्याच कॉर्कच्या चकत्या बघितल्या आणि पेशी हे नाव तिथनं पडलं. ती कोंडलेली हवा आपल्या कामात दोन गोष्टी करते. एक, व्हील दबतं आणि परत वर येतं, म्हणून पार्टच्या कडा सुती बफसारख्या गोल होत नाहीत आणि सपाट भाग सपाट राहतो, आणि कॉर्क वापरायचं खरं कारण हेच. दुसरी गोष्ट अशी की कॉर्क उष्णता जवळपास वाहून नेतच नाही. थर्मास-बर्फपेट्यांच्या धंद्यात कॉर्क वापरायचे ते उगीच नाही. पितळ कॉर्कपेक्षा हजारो पट जास्त उष्णता वाहतं, स्टेनलेस पितळेच्या मानानं मठ्ठ, तरी कॉर्कच्या शेकडो पट.

आता घासून जी गरमी होती ती जाणार कुठं? व्हील घेत नाही, म्हणजे सगळी पार्टमध्ये. पार्ट मोठा असता तर पचवली असती, खरं आपला पार्ट चार-पाच ग्रॅमचा, तो लगेच लाल नाही झाला तरी चटका बसण्याइतका होतोयच. सुती बफमध्ये कापडाच्या थरांतनं वारा फिरतो, जादा साबण उडून जातो, पार्ट जरा थंड राहतो. कॉर्कचा पृष्ठभाग बंद, त्यातनं काही उडत नाही.

साबणाचं बघा. बाजारात लस्टर म्हणून मिळणारी वडी असो नाहीतर हिरवी, तपकिरी, पांढरी कुठलीही, त्यात अर्धा भाग खर म्हणजे पावडर आणि बाकी मेणचट चरबी, बऱ्याच वेळा स्टिअरिक ॲसिड. ते ७० डिग्रीच्या आत-बाहेर वितळतंय. पार्ट ७० च्या वर गेला की साबण पातळ होतो, त्यात धातूची बारीक पूड मिसळती, कॉर्कची कड थोडी जळून त्याचा कोळसा मिसळतो, आणि हा सगळा काळा चिखल पार्टवर लागून थंड झाला की घट्ट बसतो. बाकीचा व्हीलच्या दाण्यांमध्ये भरतो आणि कड काचेसारखी होती. काच झालेल्या कडेनं कापलं जात नाही, नुसतं घासलं जातं, म्हणजे आणखी गरमी. त्यात पोरगं दाब वाढवतंय. चक्र सुरू.

स्टेनलेसवर फिकट पिवळी झाक दिसली तर समजा तिथं तीनशे डिग्रीच्या जवळपास गेलंय. साध्या कडक केलेल्या स्टीलच्या पिनेवर तीच पिवळी झाक सव्वादोनशेला येते आणि मग ती पिन मऊ पडली असण्याची शक्यता लई, ती पॉलिश करून झाकायची नाही, बाजूला काढायची आणि हार्डनेस बघायचा. हे मी मुद्दाम लिहितोय कारण हायड्रॉलिकवाल्यांच्या पिना आपल्या भागात भरपूर येतात आणि पार्टी परत पाठवती तेव्हा "मटेरियल खराब होतं" असं म्हणून हात झटकले जातात.

स्पीड उतरवायचा कसा

सगळ्यात स्वस्त उपाय, २८८० च्या ग्राइंडरवर १५० चं व्हील लावूच नका, १०० चं लावा. दुकानदार १५० चंच देतो म्हणाला तर दुसरीकडं हुडका, काचेच्या कडा पॉलिश करणाऱ्यांकडं कॉर्कचं सामान असतं, त्यांचा माल कुठनं येतो विचारा. ते लोक प्युमिस पावडर, म्हणजे ज्वालामुखीच्या हलक्या दगडाची पूड, पाण्यात कालवून कॉर्कवर काच घासतात, त्यामुळं त्यांना व्हीलची पारख आपल्यापेक्षा जास्त.

दुसरा उपाय चार पोलची मोटर, १४४० आरपीएम. तिच्यावर १५० चं व्हील ११.३ मीटरनं चालतं, म्हणजे मापात. भंगारात जुनी अर्धा एचपी १४४० ची मोटर मिळाली तर सोडू नका, बेअरिंग बदलून घ्या, आयुष्यभराचं काम होतंय. ज्यांच्याकडं दोन्ही आहेत त्यांनी असं करावं : नवीन मोठं व्हील १४४० वर, ते झिजून ८०-९० ला आलं की तिथं स्पीड सहा-सात मीटरवर पडतो, कापत नाही, तेव्हा उतरवून २८८० वर चढवायचं, परत १२-१३ मीटर. एकाच व्हीलचे दोन जन्म होतात आणि टाकून द्यायला फार काही उरत नाही.

पट्ट्यावरचं स्पिंडल असेल तर पुलीचा खेळ सोपा. १४४० च्या मोटरला ३ इंची आणि स्पिंडलला ४ इंची पुली घातली की १०८० मिळतात, त्यावर २०० चं व्हील पण ११ मीटरच्या जवळपास येतं. थ्री फेज असेल तर व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, लावा, उत्तमच. खरं सिंगल फेजच्या ग्राइंडरला पंख्याचा रेग्युलेटर नाहीतर डिमर लावून स्पीड कमी करायचा नाद करू नका, मोटर घुमते, तापते, आणि स्टार्टिंगचा कपॅसिटर सर्किटमध्येच राहिला तर वाइंडिंग जातं.

आणि अँगल ग्राइंडरला कॉर्क लावलेला व्हिडिओ बघून कुणी विचारू नका. ११००० आरपीएमवर १०० चं व्हील सेकंदाला ५७ मीटर पळतं. चिकटवलेल्या सालीच्या दाण्यांचं ते काम नाही, फुटलं की तोंडावर येतं. फ्लेक्झिबल शाफ्टवर २५ मिलिमीटरचं छोटं व्हील चालवत असाल तर साडेसात हजारला १० मीटर होतात, तिथंच ठेवा, स्पीडचा नॉब शेवटपर्यंत फिरवायची सवय मोडा.

चकाकलेलं व्हील परत उघडायचं

स्पीड बरोबर केला तरी आधी काच झालेली कड तशीच असली तर काही फरक दिसणार नाही आणि तुम्ही म्हणणार सांगितलेलं सगळं खोटं. म्हणून ड्रेसिंग. डायमंड ड्रेसर, चांदणीवाला ड्रेसर, बफ विंचरायचा दात्याचा दांडका, ह्यातलं काही नको, दाणे उपटून खड्डे पडतात. सपाट लाकडी पट्टीवर ८० नंबरची एमरी कापडाची पट्टी सरसानं चिकटवा, ह्याच्यापेक्षा चांगलं हत्यार कॉर्कला नाही. तोंडाला मास्क, डोळ्यावर चष्मा, पट्टी दोन्ही हातांनी घट्ट, व्हीलच्या मध्यरेषेच्या जरा खाली, आणि एकदम हलकं टेकवून डावी-उजवीकडं सरकवायचं. पहिल्यांदा काळी चिकट पूड पडती, पट्टीला लागून बसती, ती तारेच्या ब्रशनं झाडायची. थोड्या वेळानं पुडीचा रंग बदलतो, सुकी, फिकट तपकिरी, हलकी, उडणारी पूड यायला लागती. तो रंग आला की थांबायचं. मोटर बंद करून कडेवर बोट फिरवा, काचेसारखं घसरत असेल तर अजून बाकी आहे, मखमली लागलं आणि दाणे वेगवेगळे दिसायला लागले तर झालं. नख रोवून बघितलं तर दबून परत वर आलं पाहिजे. सहसा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त काढावं लागत नाही. काळपटपणा त्याच्याही खाली गेला असला तर ते व्हील आतपर्यंत जळलंय.

मग साबण. इथं हात आवरा. वडी एक-दोन सेकंद टेकवायची, बास. कडेवर साबणाचा थर दिसायला लागला म्हणजे जास्त झाला, नुसती कड मळल्यासारखी रंगली पाहिजे. दर दोन-चार पार्टनंतर परत एक टेकवणी. आमच्या शेडमध्ये कानडी पोरं आहेत, त्यांना मी एकच शब्द ओरडत असतो, निधान, निधान, म्हणजे सावकाश. साबण लावताना पण आणि पार्ट दाबताना पण. पार्ट तापला तर पाण्यात बुडवायचा, पुसायचा, दुसरा घ्यायचा. चार पार्टची पाळी लावली, एक व्हीलवर, तीन थंड होत, की तापायचा प्रश्नच राहत नाही.

एका व्हीलला एकच साबण, हे लिहून ठेवा, म्हणजे खरंच व्हीलच्या अंगावर मार्करनं लिहा. एमरीची काळी वडी लावलेल्या व्हीलवर उद्या हिरवी लावली तर जुना जाड खर आत बसलेलाच असतो आणि मधेच एक खोल ओरखडा काढतो. पितळेला तपकिरी ट्रिपोली, स्टेनलेसला आधी एमरी आणि मग दुसऱ्या व्हीलवर हिरवी क्रोमियम ऑक्साइडची, एवढ्यावर बहुतेक कामं निभावतात. आणि कॉर्ककडनं आरशाची अपेक्षा ठेवू नका, ती मधली पायरी आहे. ४००, ६०० पेपरपर्यंत हातानं नाहीतर बेल्टवर आणलेला पार्ट कॉर्कवर एकसारखा होतो, शेवटचा आरसा मऊ सुती बफवरच. २४० चे ओरखडे ठेवून कॉर्कवर रगडत बसलं तर दिवस जाईल, ओरखडे जाणार नाहीत, आणि परत गरमी.

काळं नाही, खरं लहरी दिसतात

हे वेगळं दुखणं, तरी लोक एकात मिसळतात. पार्ट उजेडात तिरका धरला की अंगावर समान अंतरानं बारीक लहरी दिसतात, धरताना हाताला टकटक लागते. व्हील गोल फिरत नाहीय. बहुतेक वेळा भोकाचा घोळ. स्पिंडल अर्धा इंच म्हणजे १२.७, व्हीलचं भोक १३ चं नाहीतर सरळ २० चं आणि मधे प्लास्टिकचं ढिलं बुश. टर्नरकडनं मापाचं बुश करून घ्या, चहाच्या पैशांत होतंय. मग नट. कॉर्क दबणारा आहे, त्याला छोटा वॉशर लावून नट आवळला की मधोमध वाटी होते आणि कड तिरकी पळते. दोन्ही बाजूंना सारख्या व्यासाचे मोठे फ्लँज, व्हीलच्या व्यासाच्या निदान एक तृतीयांश, आणि मधे जाड कागदाच्या चकत्या. नट सरकू नये एवढाच आवळायचा.

डायल गेज लावून रनआउट, म्हणजे व्हील किती वाकडं फिरतंय ते, बघायला जाऊ नका, डायलचं टोक कॉर्कमध्ये रुततं आणि आकडा काहीच्या बाही येतो. पेन्सिल बरी. पेन्सिल कशावर तरी टेकून कडेपासून केसभर लांब धरा, व्हील हातानं सावकाश फिरवा, जिथं रेघ उमटली तो उंच भाग. सगळीकडं तुटक तुटक रेघ आली तर व्हील ठीक. एकाच बाजूला आली तर वर सांगितलेल्या पट्टीनं खाली आणा, खरं बुश आणि नट दुरुस्त केल्यावरच, नाहीतर वाकडं बसलेलं व्हील वाकड्यातच गोल कराल आणि काढून परत लावलं की परत टकटक.

पाण्याची प्युमिस वापरणाऱ्यांसाठी अजून एक. काम झालं की पाणी बंद करून व्हील थोडा वेळ रिकामं फिरवायचं. ओलं व्हील तसंच उभं ठेवलं तर पाणी खालच्या बाजूला उतरतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण ग्राइंडर टेबलावर नाचतो.

घरी कापून केलेली व्हील

आपल्या लोकांना जुगाड आवडतो, मला पण आवडतो. दोन प्रकार बघितलेत. एक, गास्केटच्या शीटच्या चकत्या कापून एकावर एक चिकटवलेल्या. ती शीट बहुतेक रबर-कॉर्क असते, दाणे रबरात बसवलेले. गास्केटला एक नंबर, पॉलिशला बेकार, कारण रबर गरम झालं की पार्टवर ओढलं जातं आणि काळे फराटे मारतं, स्पीड कितीही उतरवा. शीट दुमडून बघा, रबरासारखी लवचिक असली तर ती नको. साधा दाबलेला कॉर्क दुमडला की कडकन तुटतो.

दुसरा प्रकार, चोर्ल्याच्या घाटातनं खाली गोव्याला जाऊन आलेल्या मंडळींकडची वाइनच्या बाटल्यांची बुचं. छोट्या मँड्रेलवर, म्हणजे व्हील बसवायच्या दांडीवर, बारक्या कामाला ती छान चालतात, खरं तीन गोष्टी बघा. प्लास्टिकचं बुच नसावं, हल्ली लई येतात, कापल्यावर फोमसारखं दिसतं, ते वितळतं. अख्ख्या सालीचं बुच असेल तर त्यात झाडाच्या वाढीच्या रेषा आणि तपकिरी छिद्रांच्या नळ्या आडव्या गेलेल्या असतात, म्हणजे चकतीच्या दोन बाजू मऊ आणि दोन कडक, ती झिजून लंबगोल होणारच, सारखं पट्टी मारत राहावं लागतं. दाण्यांचं दाबलेलं बुच दिसायला हलक्या प्रतीचं वाटतं, खरं व्हीलला तेच बरं, चारी बाजूंनी सारखं झिजतं. तिसरं, भोक ड्रिलनं पाडू नका, कॉर्क चुरतो आणि भोक वाकडं जातं, गरम सळईनं नाहीतर पातळ नळीला धार लावून फिरवत पाडा.

आणि दारातल्या बुचाच्या झाडाची साल काढून व्हील होईल का असं एकानं विचारलेलं. त्या सालीचा हलका कॉर्क करायचे पूर्वी, खरं व्हीलसाठी नको, झाडाला पण त्रास.

धरणं आणि धूळ

टूल रेस्ट काढून टाका. बारका पार्ट रेस्ट आणि व्हीलच्या मधल्या फटीत खेचला जातो आणि बोट त्याच्या मागोमाग जातं. पार्ट मध्यरेषेच्या खाली धरायचा, धारदार कड व्हीलकडं तोंड करून कधीच नाही, व्हील कडेवरनं बाहेर निघून गेलं पाहिजे, कडेत घुसता कामा नये. पिना पिन-व्हाइसमध्ये, चपटे पार्ट लाकडी ठोकळ्यात खाच पाडून. हातमोजे घालून फिरत्या स्पिंडलजवळ काम नाही, चटका बसतोय म्हणून मोजे घालणारे बघितले की धडकी भरती, चटका बसतोय म्हणजे पार्ट बाजूला ठेवा एवढाच त्याचा अर्थ. व्हीलखाली ट्रेमध्ये जुनं पोतं टाका, सुटलेला पार्ट उडून कुठं जातोय ते हुडकत बसायला नको.

कॉर्कची धूळ झाडाची आहे म्हणून निरुपद्रवी नाही. पोर्तुगालमधल्या कॉर्क कामगारांना बुरशी लागलेल्या कॉर्कच्या धुळीनं फुप्फुसाचा आजार होतो, सुबेरोसिस म्हणतात. आपल्याकडं जून ते सप्टेंबर कोपऱ्यात पडलेल्या व्हीलला बुरशी येतीच, तसलं व्हील झाडून वापरायचं नाही, फेकायचं. ॲल्युमिनियमला वेगळं व्हील आणि वेगळा कोपरा, लोखंडाच्या ठिणग्या आणि ॲल्युमिनियमची पूड एका ट्रेमध्ये पडली तर आग लागू शकते, आणि तसली आग पाण्यानं विझवायची नसते, सुकी वाळू टाकायची.

पावसाळ्यात

सरस लावून खर चिकटवलेली व्हील पावसात दगा देतात, सरस हवेतला ओलावा ओढतो आणि मऊ पडतो, खर पार्टला चिकटून यायला लागतो. अशी व्हील बंद डब्यात किंवा बल्ब लावलेल्या कपाटात ठेवा. साध्या कॉर्कला ओलाव्याचं तेवढं वावडं नाही, पाण्याला तो सहसा दाद देत नाही.

पार्टची काळजी मात्र जास्त. पॉलिश झालेलं साधं स्टील आपल्या हवेत रात्रभरात तांबूस होतं, पितळेवर बोटांचे ठसे काळे उमटतात. पॉलिश झालं की कोमट असतानाच रॉकेलमध्ये धुवायचं, साबण सुकून खाचेत बसला की टोकदार बांबूनं कोरत बसावं लागतं. मग धुण्याच्या साबणाच्या गरम पाण्यातनं काढून लाकडाच्या सुक्या भुशात घोळवायचं, सागवानाचा भुसा नको, त्यातल्या तेलकट रसाचे डाग पडतात, साध्या लाकडाचा घ्या आणि एकदा उन्हात वाळवून चाळून ठेवा. स्टीलला वर पातळ तेलाचा हात. मग उघड्या हातानं शिवायचं नाही.

आता कॉर्कवर काय नेऊच नये. आटे, ते भरतात आणि माथे बसतात. ओ-रिंगच्या खाचा, त्यात व्हील पोचत नाही आणि कडा उगीच घासल्या जातात. आणि व्हॉल्व्हच्या स्पूलवरच्या, म्हणजे आत सरकणाऱ्या दांड्यावरच्या, कडा, ज्यांच्यावर तेल अडतं. कॉर्क कडा कमी मारतो हे खरं, खरं कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि तिथं थोडीशी गोलाई आली तरी गळती वाढते. असला जॉब आला तर ड्रॉइंगवर त्या कडेला शार्प ठेवा असं लिहिलंय का ते बघा, काहीच लिहिलेलं नसेल तर व्हील चालू करायच्या आधी पार्टीला फोन लावा.